दाबा, धरा, सोडा

आमच्या भागात पाण्याशी किंवा तेलाशी संबंध असलेली प्रत्येक वस्तू कधी ना कधी एअर घेते. विहिरीवरची मोटर एअर घेते. मग फूट व्हॉल्व्हच्या नावाने बोटं मोडत कळशीने पाणी ओतून ती भरावी लागते. ऑइल इंजिन डिझेल संपेपर्यंत चालवलं की नळीत एअर शिरते. नंतर टाकी काठोकाठ भरली तरी इंजिन नुसतं फुसफुसतं, आणि फिल्टरवरचा स्क्रू सैल करून फेसाळ डिझेल वाहू दिल्याशिवाय ते पुन्हा धरत नाही. पाइपलाइनला चढावर एअर व्हॉल्व्ह बसवला नसेल तर मोटर सुरू असूनही शेवटच्या वाफ्याला पाणी पोचत नाही. हे सगळे आजार वेगवेगळे दिसतात, पण रोग एकच: जिथे नुसता द्रव असायला हवा तिथे वारा येऊन बसलेला असतो.

आमचं उमापूर गेवराई तालुक्याच्या पश्चिम अंगाला, शेवगावच्या शिवेकडे. तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी, आणि पैठणच्या धरणाचा उजवा कालवा याच तालुक्यातून माजलगावकडे गेलेला. नकाशा बघणाऱ्याला इथे पाणीच पाणी वाटेल. इथे राहणाऱ्याला मात्र ते खोलीवरून उपसावं, लांबून ओढावं आणि रात्रीच्या लायटीत धरावं लागतं. त्यामुळे पाणी कुठवर ढकललं जातं आणि दाब नेमका कुठे हरवतो, याचं शहाणपण इथल्या माणसाच्या हाताला असतं. पास्कलचं नाव त्याने ऐकलेलं नसतं. बंद भांड्यातल्या द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे सारखा पोचतो, हे सांगणारा पास्कलचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर 1663 मध्ये छापला गेला. आमच्या बप्पांना ते विहिरीच्या काठावर कळलं होतं.

बप्पा म्हणजे माझे चुलते. त्यांच्याकडे जुनी टाटा सुमो आहे. 1994 मध्ये बाजारात आलेल्या या गाडीचं नाव कंपनीचे थोर अधिकारी सुमंत मूळगावकर यांच्या नावातली अक्षरं जोडून ठेवलं होतं. आमच्याकडे ते नाव कुस्तीगिराचंच समजलं गेलं, आणि ते शोभलंही. लग्नाचं वऱ्हाड, बाजारचा माल, दवाखान्यात न्यायची बाळंतीण, उसाच्या फडावर निघालेल्या टोळीतली म्हातारी आणि तिची गाठोडी, असं सगळं तिने वाहिलं. कारखान्यातून ती निघायची 2019 मध्ये थांबली, पण खेड्यात गाडीचं आयुष्य कारखाना ठरवत नाही. स्पेअर मिळतो तोवर गाडी जिवंत.

तर या सुमोचा क्लच बसला. क्लच बसण्याची चाहूल आधी लागते. रिव्हर्स टाकताना करकर आवाज होतो, पहिला गियर नाखुशीने पडतो, आणि मग एके दिवशी पायडल खाली जातं ते वर येतच नाही. पायाने पटापट पंप मारले तर तात्पुरता दाब येतो आणि गियर पडतो. हे पंप मारल्यावर सुधारणं हीच मोठी खूण आहे. प्लेट झिजली असती तर पंप मारून फरक पडला नसता. खाली वाकून बघितलं तर गियरबॉक्सच्या बाजूच्या क्लच सिलिंडरचं रबरी टोपण तेलाने ओलं झालेलं होतं. आतली वाटी कापली गेली होती; तेल बाहेर, वारा आत. गेवराईहून नवं किट आणलं आणि सिलिंडर खोलून वाटी बदलली. एवढं झालं तरी काम निम्मंच झालेलं असतं. सिलिंडर खोलला म्हणजे नळीत वारा शिरलाच.

हा वारा किती नाठाळ असतो ते थोड्या हिशेबाने कळतं. शंभर वातावरणांइतका दाब दिला तरी पाणी अर्ध्या टक्क्यानेही आटत नाही. द्रवाचा हा हट्टच क्लचचं सगळं भांडवल आहे. पायडलमागच्या मास्टर सिलिंडरचा व्यास 19 मिलिमीटर आणि दट्ट्याची चाल अडीच सेंटिमीटर धरली, तर एका दाबात साधारण 7 घन सेंटिमीटर तेल पुढे जातं. म्हणजे चहाचे दीड चमचे. एवढ्याशा तेलाने खालचा दट्ट्या काही मिलिमीटर सरकतो, तो फोर्कला ढकलतो, फोर्क बेअरिंगला, आणि इंजिन चाकांपासून क्षणभर सुटतं. आता त्या नळीत 3 घन सेंटिमीटर वारा असेल, तर आधी तो चेपला जातो. वातावरणाच्या वीस-तीस पट दाबाखाली त्याचा जवळजवळ काहीच आकार उरत नाही, पण तो चेपण्यात आपल्या सातातले तीन खर्च होतात. पाय तर पूर्ण गेलेला असतो, पण क्लच अर्धाच सुटतो. कष्ट पूर्ण आणि काम अर्धं, याचं इतकं चोख उदाहरण दुसरं सापडायचं नाही.

मेकॅनिककडे न्यावं तर कारखान्यांचा सीझन तोंडावर आलेला. मुकादमांच्या गाड्या, ट्रॅक्टर, ट्रॉल्या यांची रांग लागलेली. शिवाय क्लच नसलेली गाडी तिथवर न्यायची कशी, हाही प्रश्न. मग घरीच एअर काढायची ठरली, आणि त्यासाठी अंगणात वस्तूंची जमवाजमव सुरू झाली.

खरं तर या कामाला लागणारी हत्यारं मोजकीच आहेत. सिलिंडरवरच्या निपलला, म्हणजे एअर सोडायच्या स्क्रूला, नेमका बसणारा रिंग पाना हवा. इथे तडजोड करू नये. उघड्या तोंडाच्या पान्याने निपलची कडा गोल होते, आणि एकदा गोल झालेला निपल मोठा खर्च काढतो. मग निपलवर चढवायला नळी आणि नळीचं दुसरं टोक बुडवायला बाटली. नळीवरून बराच खल झाला. पहिल्यांदा पुढे आली ती ठिबकची बारीक नळी. आमच्याकडे कापसाच्या आणि मोसंबीच्या शेतात ती वितीवितीला पडलेली असते. फुकट, चिवट आणि मापाची. पण ती काळी. नळीतून वारा निघतोय की तेल, हेच जर दिसणार नसेल तर मग ते काम अंदाजपंचे झालं. दुसरी सलाइनची नळी. ती स्वच्छ आरपार दिसते, पण निपलपेक्षा फार बारीक. शेवटी शेजारच्या गवंड्याची लेव्हलची नळी आली.

या नळीबद्दल मला आधीपासून आदर आहे. पायाच्या एका कोपऱ्यावरची उंची दुसऱ्या कोपऱ्यावर न्यायला गवंडी तिच्यात पाणी भरतो आणि दोन्ही टोकं वर धरतो. दोन्हीकडचं पाणी एका पातळीला येतं, मग मधे भिंत असो की झाड. पण पाणी भरल्यावर तो आधी नळी वर-खाली करत, बोटाने टिचक्या मारत, आतला प्रत्येक बुडबुडा काढून टाकतो. एक बुडबुडा अडकला तर पातळी खोटी सांगते आणि सगळं घर तिरपं होतं. म्हणजे एअर काढणं हे या नळीचं रोजचंच काम. तिचा एक हातभर तुकडा गवंड्याने कापून दिला. टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, निपलवर सरकवलं आणि बांधकामाच्या तारेने आवळलं. पाण्याच्या रिकाम्या बाटलीच्या टोपणाला खिळ्याने भोक पाडून त्यातून नळी आत सोडली. बाटलीचं लेबल आधी फाडून टाकलं, आणि काम झाल्यावर बाटलीही. हे तेल विषारी असतं, दिसायला फिकट पिवळं, आणि घरात पोरंबाळं असतात.

बाटलीत आधी बोटभर नवं तेल घालायचं आणि नळीचं टोक त्यात बुडलेलंच ठेवायचं. मग नळीने चुकून उलटा घोट घेतलाच, तर तो तेलाचा घेईल, वाऱ्याचा घेणार नाही. ही युक्ती कोणी काढली माहीत नाही, पण तिच्यात सगळ्या विद्येचा अर्क आहे: चूक होणारच हे धरून चालायचं, आणि ती झाली तरी नुकसान होणार नाही अशी मांडणी करायची.

चाकांना पुढून-मागून दगड लावले, हँडब्रेक ओढला. सुमो एवढी उंच की जॅकची गरज पडत नाही. पोतं अंथरून मी खाली सरकलो. बप्पा ड्रायव्हरच्या जागेवर बसले. पुतणी बॉनेटपाशी तेलाचा डबा घेऊन उभी राहिली. तिचं काम सोपं वाटतं, पण तेच सगळ्यांत जोखमीचं. वरच्या डबीतलं तेल तळाला जाऊ द्यायचं नाही. ते संपलं तर मास्टर सिलिंडर वरून वारा ओढतो आणि सगळी मेहनत पहिल्यापासून.

आणि मग ते तीन शब्द सुरू झाले. मी म्हणायचं, "दाबा." बप्पा सावकाश पायडल दाबून सांगणार, "धरलाय." मी निपल पाव फेरा सैल करणार. नळीतून फेस धावायचा आणि बप्पांचा पाय आपोआप खाली जायचा. "गेला तळाला," असं वरून यायचं. मी निपल आवळायचा आणि मगच म्हणायचं, "सोडा." या क्रमात एका जागी जरी घाई झाली, निपल आवळण्याआधी पाय वर आला, तर सिलिंडर बाहेरचा वारा पुन्हा आत घेतो. म्हणून माझ्या शब्दाशिवाय पाय हलवायचा नाही, आणि त्यांच्या शब्दाशिवाय माझा पाना फिरवायचा नाही, असं ठरलेलं.

बप्पांना असं हुकमाने बोलायची आमच्या घरात कोणाची प्राज्ञा नाही. तिथे मात्र गाडीखालून मी "दाबा, धरा, सोडा" म्हणत होतो आणि ते निमूट पाळत होते. सुरुवातीला त्यांचा पाय हापशाच्या दांड्यासारखा भराभर चालला. "बप्पा, दमानं. भराभर दाबलं की बुडबुडे फुटून बारीक होतात, मग निघत नाहीत." त्यावर वरून उत्तर आलं, "आरं, मला शिकवू नको. इंजिनाची एअर मी तुझ्या बापाच्या आधीपासून काढतोय." पण पाय दमाने पडू लागला.

मला या कामातली सगळ्यांत विलक्षण गोष्ट हीच वाटते, की दोघांनाही एकमेकांचं काही दिसत नाही. पायडल काय करतंय हे मला कळत नाही. नळीत काय चाललंय हे बप्पांना कळत नाही. दोघांमध्ये लोखंडाचा पत्रा आणि तेलाने भरलेली एक नळी. मोबाइल यायच्या आधी रात्रीची दारी धरणाऱ्यांचं हेच असायचं. एक जण मोटरीपाशी, दुसरा चार वावरं सोडून अंधारात वाफे मोडतोय. "बंद कर" अशी हाळी आल्यावर बटण दाबायचं, आणि हाळी आली नाही तर उभं राहायचं. ज्याला हाळीची वाट बघता येत नाही त्याला त्या काळी कोणी जोडीला घेत नसे. बप्पांनी जन्मभर अशी जोडीची कामं केली. म्हणून त्यांचा पाय पायडलवर इतका भरवशाचा होता.

हळूहळू फेस विरळ झाला, मग एकेकटे बुडबुडे, मग नुसतं तेल. पायडलला दाब आला, पण शेवटची जराशी चाल पोकळ राहिलीच. याचं कारण निसर्गाच्या नियमात आहे. वारा वर जायला बघतो, आपण त्याला खाली ढकलत असतो. दोन दाबांच्या मधे जी उसंत मिळते त्यात बुडबुडा पुन्हा नळीच्या उंच वळणावर जाऊन बसतो. तेव्हा उलट्या बाजूने जायचं. जनावरांना इंजेक्शन द्यायची मोठी नवी सिरिंज मेडिकलमधून आणली, तिच्यात ताजं तेल भरलं, आतला वारा टिचकी मारून काढला आणि खालच्या निपलमधून तेल सावकाश वर चढवलं. वरच्या डबीतलं थोडं तेल आधी काढून ठेवलं होतं, नाही तर ते उतू जाऊन बॉनेटचा रंग उचलतं. पुतणी डबीत बघत ओरडली, "आला! आला मोठा!" दडून बसलेला बुडबुडा वर येऊन फुटला होता. आधी आम्ही त्याच्याशी झगडत होतो. आता त्याला जिकडे जायचं होतं तिकडेच जाऊ दिलं.

सिलिंडरमधून निघालेली जुनी, कापली गेलेली वाटी मी जपून ठेवली आहे. अंगठ्याच्या पेरावर बसेल एवढी, मधे खोल, आणि कडेला पातळ ओठ. हिचा इतिहास जुना आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये हायड्रॉलिक प्रेसचं पेटंट घेतलं, पण दाब वाढला की त्याच्या यंत्रात दट्ट्याच्या कडेने पाणी गळायचं. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने चामड्याची वाटी सुचवली असं मानतात. आतला दाब वाढतो तसा वाटीचा ओठ भिंतीवर अधिक आवळून बसतो. गळतीला कारण होणारा दाबच गळती थांबवतो. क्लचमधली रबरी वाटी तिचीच वंशज.

आणि तिची चामड्याची बहीण आमच्या गावागावांतल्या हापशात जाऊन बसली होती. हापशाचं मूळ तर आमच्या शेजारच्या जिल्ह्यात आहे. 1960 च्या दशकापर्यंत कूपनलिकांवर बसवले जाणारे हातपंप बिडाचे होते, युरोप-अमेरिकेतल्या एका कुटुंबाच्या वापरासाठी बेतलेल्या पंपांच्या नकला. आपल्याकडे एकेका पंपावर सगळी वस्ती पहाटेपासून हापसत असे, आणि तो मोडून पडे. त्या दशकाच्या अखेरीला जालन्यात, चर्च ऑफ स्कॉटलंडच्या मिशनशी संबंधित मंडळींनी, पोलादी आणि एकाच खिळीवर फिरणाऱ्या दांड्याचा पंप तयार केला. तो जालना पंप. पुढे सोलापुरात त्यावर आणखी काम होऊन सोलापूर पंप झाला, आणि त्याच वाटेने 1970 च्या दशकात युनिसेफच्या सहभागाने 'इंडिया मार्क टू' आला, जो पुढे आफ्रिकेतल्या खेड्यांतही पोचला. जगभर गेलेल्या या वस्तूची सुरुवात मराठवाड्यातल्या एका दुरुस्तीच्या धडपडीत झाली, हे आमच्या शाळेत कोणी सांगितलं नव्हतं.

जालन्याच्या त्या लोकांनी केलं ते आजच्या भाषेत जुगाड म्हणून खपून गेलं असतं, आणि त्याचा अपमान झाला असता. जुगाडाचं कौतुक करणारे नेहमी काय बदललं ते सांगतात. काय बदललं नाही ते सांगत नाहीत. जालन्यात बिडाचं पोलाद झालं, सांध्यांची भानगड कमी झाली, पण वाटीचा ओठ भिंतीला घट्ट बसला पाहिजे ही अट कोणी सैल केली नाही. आमच्या अंगणातही तेच. नळी गवंड्याची चालली, बाटली पाण्याची चालली, सिरिंज गुरांची चालली. तेल मात्र डबीच्या झाकणावर लिहिलेलंच. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल ही खनिज तेलं. ती लागली की ब्रेकची आणि क्लचची रबरी वाटी फुगते, मऊ पडते, आणि नवं किट थोड्याच दिवसांत जातं. "तेल ते तेलच की," असं म्हणत अडचणीच्या वेळी हाताला लागेल ते ओतणारे भेटतात. त्यांची गाडी त्या दिवशी घरी पोचते, आणि मग गॅरेजला जाऊन बसते.

उरलेल्या तेलावरून आमच्यात वाद झालाच. हे तेल हवेतली ओल शोषतं. डॉट थ्री जातीचं नवं तेल 205 अंशांच्या आत उकळू नये असा दंडक आहे; ओल धरलेल्या तेलासाठी तोच दंडक 140 वर येतो. म्हणून फोडलेला डबा वर्षानुवर्षं ठेवून वापरू नये, आणि बाटलीत निघालेलं तर परत ओतूच नये. बप्पांना अर्धा डबा टाकून द्यायचा हे पचेना. ज्यांनी दोऱ्याचा तुकडासुद्धा गुंडाळून ठेवला त्यांना पैशाची वस्तू वाया घालवायला सांगणं सोपं नसतं. मी आकडे सांगितले, त्यांनी ऐकून घेतले, आणि डबा उचलून काहीच न बोलता कोठीत नेऊन ठेवला.

सुमो आता एका बोटाच्या दाबाने गियर घेते, असं बप्पा सगळ्यांना सांगतात. ऐकून वस्तीवरचा एक जण आला. त्याच्या पिकअपचा क्लच बसला होता. त्याने नळी मागितली, सिरिंज मागितली, बप्पांनी दिली. मग तो म्हणाला, "बप्पा, ते उरलेलं तेल बी द्या की, तेवढंच काम भागंल." बप्पा कोठीकडे बघून म्हणाले, "नळी ने, सिरिंज ने, पायडलवर बसायला मी येतो. तेल मात्र गेवराईहून नवं आण."